जुन्या गाडीचा हीटर कोर घरी बदलायचा असेल तर

नागपुरात हीटर कोर, म्हणजे डॅशबोर्डमागचा गाडीतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर, गळायला लागला की सल्ला ठरलेला असतो: त्याचे दोन पाइप एकमेकांना जोडून टाक, इथे हीटर लागतो कोणाला! डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा आणि चिखलदरा-पचमढीची एखादी चक्कर सोडली तर हीटरची कळ कोणी हलवत नाही, हे खरंच आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण अशा सकाळी विरळाच. तरी या भागाकडे लक्ष द्यावं लागतं ते थंडीमुळे नाही, मे महिन्यामुळे. कोरमध्ये फिरतं ते इंजिनचंच पाणी. काही गाड्यांत या पाण्याला वॉल्व असतो, पण तो बंद केला तरी परतीच्या पाइपने दाब कोरपर्यंत पोचतोच. म्हणून गळका कोर बाराही महिने गळतो. हिवाळ्यात त्याने कार्पेट ओलं होतं एवढंच. मेअखेरच्या नवतप्यात मात्र एसी लावून वर्धा रोडच्या सिग्नलवर उभं असताना तेच कमी झालेलं अर्धा-पाऊण लिटर पाणी हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) घेऊन जातं.

पुढची पद्धत २००० सालाच्या मागच्या-पुढच्या छोट्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे: मारुती ८००, झेन, एस्टीम, जुनी अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका. मॉडेलप्रमाणे बोल्टच्या जागा बदलतात, कामाचा क्रम फारसा बदलत नाही. पहिल्यांदाच डॅशबोर्डला हात लावणार असाल तर दोन पूर्ण दिवस आणि एक मदतनीस हवा. सकाळी सुरू करून संध्याकाळी गाडी घेऊन लग्नाला जायचं असा बेत आखू नका.

आधी खात्री: गळतंय ते कोरच का?

डाव्या बाजूचं कार्पेट ओलं दिसलं की कोर गेला असं धरू नका. एसीच्या कूलिंग कॉइलचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तरी पाणी तिथेच येतं. पावसाळ्यात काचेखालच्या जाळीत कडुनिंबाची पानं अडकली तरी तेच होतं. पांढरा टिश्यू किंवा जुना सुती रुमाल कार्पेटवर दाबा. पाणी साधं असेल तर डाग पडत नाही आणि बोटांना काही जाणवत नाही. कूलंट (इंजिनच्या पाण्यात मिसळायचं रसायन) असेल तर हिरवट किंवा लालसर छटा येते, बोटं एकमेकांवर घसरतात आणि गोडसर वास येतो. चाखून बघू नका, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसणं आणि पुसल्यावर त्याचे फराटे उमटणं, ही कोर गळत असल्याची जवळजवळ पक्की खूण आहे.

पक्की खात्री दाब देऊनच होते. रेडिएटरच्या झाकणावर त्याचा दाब लिहिलेला असतो, या गाड्यांत बहुतेक ०.९ बार. इंजिन पूर्ण थंड असताना झाकणाच्या जागी हातपंपाचा टेस्टर लावा, तेवढाच दाब भरा आणि वीस मिनिटं काटा बघत बसा. हा टेस्टर बहुतेक रेडिएटरवाल्यांकडे असतो. काटा उतरला आणि बॉनेटखाली कुठेच ओल दिसली नाही, तर फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यात) शिरणारे हीटरचे दोन्ही पाइप गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने दाबून पुन्हा दाब भरा. आता काटा जागेवर राहिला तर गळती हीटरच्याच बाजूला आहे. पकडीने पाइप चिमटू नका, वीस वर्षांचं रबर तिथेच तडकतं.

दाब उतरतो, पण थेंब कुठेच नाही, क्लॅम्प लावल्यानेही फरक नाही, आणि इंजिन सुरू असताना रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात: असं असेल तर दुखणं हेड गॅस्केटचं आहे, कोर बदलून काही मिळणार नाही. आणखी एक शक्यता डॅश उघडण्याआधीच तपासून घ्या. कोर ठणठणीत असतो, पण त्याच्या नळीवरची क्लिप सैल पडलेली असते किंवा वॉल्वचा सांधा झिरपत असतो, आणि ते पाणी नळीवरून ओघळत आत येतं. पॅसेंजरच्या पायाकडून टॉर्च मारून आरशात बघितलं तर हे दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न करता अख्खा डॅश उतरवणारे बरेच.

हीटर गरम होत नाही पण गळतही नाही, ही तक्रार वेगळी. इंजिन तापल्यावर आणि कळ गरमवर असताना दोन्ही पाइपांना हात लावा. एक चटका देणारा आणि दुसरा कोमट असेल तर कोर तुंबलाय, वॉल्व उघडत नाही किंवा आत हवा अडकली आहे. अशा वेळी आधी उलट्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने कोर धुऊन बघा. त्यात ॲसिड ओतायचा सल्ला मिळेल. पितळी कोरला ते एक वेळ सोसतं, ॲल्युमिनियमच्या नळ्यांची भिंत एवढी पातळ असते की गाळासोबत तीही जाते.

कोर मरतो कशाने

वयाने कमी, पाण्याने जास्त. नागपुरात ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी कूलरच्या टाकीवर आणि खसच्या जाळीवर जमणारा पांढरा थर पाहिलेला आहे. उन्हाळ्यात गाडी गरम झाली म्हणून तेच पाणी बाटलीने रेडिएटरमध्ये ओतलं जातं, वर्षानुवर्षं. क्षार कोरच्या अरुंद नळ्यांत बसतात, क्लोराइड ॲल्युमिनियम आतून टोचत राहतं, आणि कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ होऊन संपतात. इथे कूलंट हवं ते बर्फासाठी नाही, गंजासाठी आणि उकळबिंदूसाठी. ०.९ बारचं झाकण नीट असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट निम्मं घातलं की ती मर्यादा आणखी सुमारे दहा अंशांनी वर जाते.

ट्रकवाल्यांचा रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय, किंवा बाजारातली गळती बंद करणारी पावडर, दोन्हींचं तत्त्व एकच: पाण्यात फिरणारा कण भोकात जाऊन बसतो. पण कणाला भोक आणि नळी यातला फरक कळत नाही. तो सगळ्यात अरुंद जागी बसतो, म्हणजे कोरमध्ये आणि थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) बारीक छिद्रात. अमरावती रोडवर अडकलात आणि घरी पोचायचंय, तर हळद चालेल. त्यानंतर मात्र पूर्ण सिस्टिम धुवावी लागेल हे धरून चला.

बदलायचा, झाळायचा की बायपास?

तांब्या-पितळेचा जुना कोर असेल तर रेडिएटरवाला तो झाळून देतो आणि तो टिकतोही. ॲल्युमिनियमचा कोर आणि त्याला प्लॅस्टिकची टोपी असेल तर झाळण्याच्या भानगडीत पडू नका. डॅश उतरवण्याची मेहनत कोरच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. डागडुजी केलेला भाग परत आत घालून सहा महिन्यांनी पुन्हा तेच काम करायची कोणाची इच्छा नसते.

बायपासला, म्हणजे कोर वगळून पाइप एकमेकांना जोडायला, आमचा तात्त्विक विरोध नाही. एप्रिलच्या मध्यात गळती लागली आणि वेळ नसेल तर तोच शहाणपणा. फक्त तो नीट करा. दोन्ही पाइप बूच मारून बंद करू नका. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरतं राहतं ते याच वाटेने. म्हणून एकाचं तोंड दुसऱ्याला जोडायचं. जोडाला पितळेची किंवा स्टीलची नळी आणि दोन्ही टोकांना क्लिप हवी. बहुतेक ठिकाणी पाइपचा आतला व्यास १६ मिलीमीटरच्या आसपास भरतो, तरी व्हर्नियरने मोजूनच घ्या. अशी नळी इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. कूलरच्या पंपाची प्लॅस्टिक नळी आणि तारेचा आळा हा जुगाड दुपारच्या उन्हात फक्त एकदाच फसतो, पण फसतो तेव्हा सगळं पाणी रस्त्यावर असतं.

बायपासमध्ये एक गोष्ट हातची जाते. हीटर म्हणजे गाडीतला दुसरा, छोटा रेडिएटर. काटा लालकडे सरकला की एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडायचा, काचा खाली करायच्या आणि बाजूला थांबायची जागा शोधायची. ४५ अंशांत हे अंगावर येतं, पण इंजिन वाचतं. कोर नसेल तर हा उपाय उरत नाही.

सामान

कोर घेताना मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये एसीवाली आणि बिनएसीची, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांची हीटर पेटी (कोर आणि हवेच्या झडपा असलेला डबा) असू शकते. लांबी, रुंदी, जाडी, नळ्यांचा व्यास आणि नळ्या कोणत्या बाजूला वळल्या आहेत, हे पाचही जुळायला हवेत. त्यामुळे गाडी उघडून, जुना कोर हातात घेऊन घाट रोड-गणेशपेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जाणं सगळ्यात खात्रीचं. गाडी तेवढा वेळ खोललेलीच राहील, म्हणून शनिवारी खोला आणि बाजार बंद व्हायच्या आत पोचा.

बाकी यादी: हीटरचे दोन नवे पाइप, सहा क्लिपा (चार लागतात, दोन हरवतात), गॅस्केटसकट नवा थर्मोस्टॅट, रेडिएटरचं नवं झाकण, ६ मिलीमीटर जाडीची चिकट पाठीची फोम पट्टी दोन मीटर, डॅशच्या प्लॅस्टिक क्लिपा डझनभर, आणि कूलंट. यातल्या बऱ्याच गाड्यांत एकूण पाणी साडेतीन ते साडेचार लिटर मावतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे. कूलंट तयार मिश्रण न घेता घट्ट (पाणी न मिसळलेलं) घ्या, कारण पुढे कळेलच. डीएम वॉटरचा (क्षार काढलेल्या पाण्याचा) पाच लिटरचा कॅन बॅटरीच्या दुकानात मिळतो, दोन आणा. हत्यारांत ८, १०, १२ आणि १४ चे बॉक्स पाने, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेंशन, फुली आणि सपाट पेचकस, प्लॅस्टिकची पट्टी, टॉर्च, आरसा आणि चुंबकाची काडी. काडी विसरू नका, एक तरी स्क्रू पेटीच्या मागे पडतोच.

कामाला ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बरा. वीस उन्हाळे सोसलेलं डॅशचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं, आणि थंडीत पहाटे त्याच्या क्लिपा हात लावताच तुटतात. गाडी तासभर उन्हात तापू द्या, मग क्लिपांना हात घाला.

उतरवणं

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडीत एअरबॅग असेल तर त्यानंतर किमान दहा मिनिटं थांबा, पिवळ्या कनेक्टरांना विनाकारण हात लावू नका आणि ते सुटे असताना चावी फिरवू नका. एअरबॅगची माहिती नसेल तर तेवढा भाग जाणकाराकडून काढून घ्या.

रेडिएटरच्या तळाची तोटी उघडून पाणी पसरट टबात घ्या. ते नालीत किंवा अंगणात सोडू नका. चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते पितात आणि किडनी जाऊन मरतात. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

आता फायरवॉलवरचे दोन पाइप. ते पिळून ओढले तर बेतात आलेली नळी किंवा वॉल्व तुटतो. पाइप नवेच घालायचे आहेत, तर जुन्यांना ब्लेडने लांबीत चीर द्या, ते सालासारखे निघतात. मग एका नळीला बाटली धरा आणि दुसरीतून पायपंपाने हळू हवा मारा. कोरमध्ये अडकलेलं पाणी बाटलीत येईल. हे केलं नाही तर पेटी बाहेर काढताना तेच पाणी गिअरच्या खाचेत आणि सीटवर सांडतं.

आत गेल्यावर आधी बघा की डॅश काढायची खरंच गरज आहे का. काही गाड्यांत ग्लव्ह बॉक्स आणि बाजूचं झाकण काढलं की कोर पेटीतून ड्रॉवरसारखा सरकतो. तसं नसेल तर क्रम असा: पुढच्या सीट मागे किंवा बाहेर, गिअरचं कन्सोल, ग्लव्ह बॉक्स, स्टिरिओ, हीटरच्या कळांची पट्टी. कळांच्या केबल काढण्याआधी प्रत्येकीच्या बाहेरच्या आवरणावर, क्लिपजवळ, पांढऱ्या रंगाची खूण करा आणि फोटो घ्या. ही खूण नसली तर शेवटी कळ पूर्ण थंडवर असूनही झडप दोन बोटं उघडी राहते.

मीटर काढताना जुन्या गाड्यांत मागे स्पीडोमीटरची केबल असते. इंजिनच्या बाजूने ती थोडी आत ढकलली की मीटर पुढे येतो आणि मागची खाच दाबता येते. स्टिअरिंगचं चाक काढायची बहुधा गरज पडत नाही, कॉलमचे वरचे बोल्ट काढून तो सीटवर टेकवला की पुरतं. डॅशचे बोल्ट तीन ठिकाणी दडलेले असतात: दोन्ही दारांच्या बिजागरीजवळ, डॅशच्या मधल्या आधाराच्या तळाशी आणि काचेखालच्या जाळीत. सगळे काढूनही डॅश हलत नसेल तर ओढू नका, एक बोल्ट राहिलाय. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पुडीत, पुडीवर जागेचं नाव. मारुतीत १० चे दोन स्क्रू सारखे दिसतात आणि लांबीने वेगळे असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर मागची वायर भेदतो.

डॅश पूर्ण बाहेर काढायलाच हवा असं नाही. दोघांनी धरून वीत-दीड वीत मागे घेतला आणि सीटवर उशी ठेवून टेकवला तरी पेटी सहसा निघते. पेटीचे काही नट इंजिनच्या बाजूने, फायरवॉलच्या पलीकडे असतात. तेच गंजलेले असतात आणि तेच विसरले जातात. आदल्या दिवशी त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

एसीवाल्या गाडीत हीटरची पेटी आणि कूलिंग कॉइलची पेटी वेगळी असेल तर गॅसला हात न लावता काम होतं. दोन पेट्यांमधली पट्टी किंवा स्क्रू सोडवून हीटर बाजूला घेता येतो. कॉइल आणि कोर एकाच पेटीत असतील आणि कोर बाजूने सरकत नसेल, तर आधी एसीवाल्याकडून गॅस मशीनने काढून घ्या. पाइप सैल करून गॅस हवेत सोडू नका, दाबाखालचा थंड गॅस डोळ्यांत किंवा हातावर आला की इजा होते.

पेटी उघडल्यावर

पेटीचे दोन अर्धे स्क्रू आणि पत्र्याच्या चापांनी जोडलेले असतात. उघडताच जुन्या फोमचा काळा भुगा पडेल. मास्क लावा. कोरच्या कोपऱ्यात हिरवट-पांढरा खरबरीत थर दिसेल, गळती तिथलीच. ब्लोअरच्या बाजूला उंदराचं घरटं सापडणं नवलाचं नाही. पेटी साबणाने धुऊन सावलीत वाळवा.

आता या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग: झडपांवरचा फोम. गरम-थंड हवा मिसळणारी झडप पूर्ण मिटली नाही तर एसीची थंड हवा कोरला शिवून येते, आणि कोरमधलं पाणी ८०-९० अंशांचं असतं. मे महिन्यात एसी थंड करत नाही म्हणून गॅस भरून घेणाऱ्या कित्येक गाड्यांचा खरा आजार ही झडप किंवा पूर्ण बंद न होणारा पाण्याचा वॉल्व असतो. डॅश उघडलेलाच आहे, तर सगळ्या झडपांचा फोम खरवडून नवा लावा. कडेला पट्टी जराशी बाहेर राहू द्या म्हणजे मिटताना ती दाबली जाईल. वॉल्व असेल तर तोंडाने फुंकून बघा: बंद असताना हवा अजिबात जायला नको. जात असेल तर बदला.

नवा कोर बसवण्याआधी तपासा. एका नळीला पाइपचा तुकडा बूच मारून लावा, दुसरीतून सायकलच्या पंपाने साधारण १ बार हवा भरा आणि बादलीत बुडवून दोन मिनिटं बघा. त्याहून जास्त दाब नको, चांगला कोरही फुगतो. बुडबुडा दिसला तर दुकानातच परत. हे फुकटचं काम टाळणारे पुढे डॅश दोनदा उतरवतात.

कोरच्या चारही कडांना फोम पट्टी लावून तो पेटीत बसवा. फोम नसेल तर हवा कोरमधून न जाता कडेने जाते आणि हीटर कोमटच राहतो. कोर बसवताना नळ्यांना धरून ढकलू नका, सांध्यावर जोर येतो. पेटी मिटल्यावर सगळ्या झडपा हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही अडखळायला नको.

धुणं, भरणं आणि डॅश बसवण्याआधीची परीक्षा

नवा कोर जोडण्याआधी इंजिन आणि रेडिएटर धुवा, नाहीतर वीस वर्षांचा गाळ थेट नव्या नळ्यांत जाईल. थर्मोस्टॅट काढा, रेडिएटरचा वरचा पाइप सोडा आणि नळाने उलट दिशेने पाणी सोडा, ते स्वच्छ येईपर्यंत. शेवटच्या दोन खेपा डीएम वॉटरच्या. मग थर्मोस्टॅट नवा घाला, त्याचा हलणारा छोटा खिळा वरच्या बाजूला ठेवून.

थर्मोस्टॅटचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं. गाडी गरम होते म्हणून तो काढून फेकून देणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. त्याने हिवाळ्यात इंजिन तापत नाही, पेट्रोल जास्त लागतं, हीटर नावापुरता उरतो. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर टाळणारी बायपासची वाट बंद करतो, तिथे तो नसला की काही पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं. म्हणजे उन्हाळ्यातही तोटाच.

पेटी जागेवर, नवे पाइप लावलेले, क्लिपा नळीच्या उंचवट्याच्या मागे कसलेल्या. इथे थांबा. डॅश बसवू नका. पाणी भरा, टेस्टरने झाकणावरच्या आकड्याएवढा दाब द्या आणि अर्धा तास जेवायला जा. परतल्यावर काटा तिथेच हवा, आणि नळ्यांच्या सांध्यांना लावलेला टिश्यू कोरडा हवा. इंजिन सुरू न करता ही परीक्षा होते, म्हणून एअरबॅगच्या गाडीतही अडचण नाही.

कूलंट घट्ट का घ्यायचं ते आता. परीक्षेचं पाणी सोडून देऊन तोटी उघडी ठेवली तरी इंजिनच्या ब्लॉकमध्ये लिटरभर पाणी उरतंच. तयार मिश्रण ओतलं तर ते तिथे आणखी पातळ होतं. सिस्टिम चार लिटरची असेल तर आधी दोन लिटर घट्ट कूलंट ओता आणि उरलेली जागा डीएम वॉटरने भरा, मिश्रण बरोबर निम्मं होतं. हिरवं आणि लाल एकत्र करू नका. रंगावर विसंबूही नका, डब्यावर लिहिलेला प्रकार वाचा. न जुळणारे दोन प्रकार मिसळले की गंजरोधक द्रव्यं निकामी होतात आणि कधी कधी चिकट साका बसतो.

डॅश, कॉलम, मीटर आणि सगळी कनेक्टरं बसल्यावर बॅटरी जोडा. मग हवा काढा. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं, इंजिन सुरू. पातळी उतरेल तशी भरत जा. जाड हातमोजे घालून वरचा पाइप मधूनमधून दाबा, बुडबुडे येतील. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला की झाकण लावा. झाकण उघडायचं ते आताच. तापलेल्या इंजिनचं झाकण पुन्हा काढलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. डॅशमागे खळखळ ऐकू येत असेल तर हवा अजून आहे. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी पातळी बघा, बहुधा पाव लिटर कमी झालेलं असतं.

हीटरची हवा इंजिन तापल्यावर ५० अंशांच्या वर असायला हवी. त्याहून महत्त्वाची परीक्षा उलटी: कळ थंडवर, एसी बंद, ब्लोअर सुरू. बाहेरच्या हवेपेक्षा आत येणारी हवा स्पष्ट गरम लागली तर केबल पांढऱ्या खुणेवर बसलेली नाही. ती आताच सरकवून घ्या, एप्रिलपर्यंत वाट बघू नका. एसी लावून दहा मिनिटांनी गाडीखाली पाणी टपकतंय का हेही बघा; पेटी बसवताना पाण्याची नळी दुमडली गेली की कार्पेट पुन्हा ओलं होतं आणि नव्या कोरवर उगाच संशय येतो.

कार्पेट आणि काच

ग्लायकॉल उन्हात ठेवून सहज वाळत नाही. कार्पेट आणि त्याखालचा जाड नमदा बाहेर काढा, कोमट पाण्यात डिटर्जंट घालून धुवा, फेसाला वास येईनासा होईपर्यंत. गच्चीवर दोन दिवस ऊन पुरतं. तोवर खालचा पत्रा बघा. गंज धरला असेल तर घासून प्राइमर आणि रंग मारून घ्या. काच आतून आधी भांड्याच्या साबणाने, मग स्पिरिटने पुसा. नुसत्या कोरड्या फडक्याने तेलकट थर पसरतो आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात.

पाचशे किलोमीटर झाल्यावर इंजिन थंड असताना चारही क्लिपा पुन्हा कसा, नवं रबर बसतं तशा त्या सैल पडतात. बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी पहिला महिना दर आठवड्याला बघा. वरून घालायला डिकीत डीएम वॉटर आणि कूलंटचं तयार मिश्रण भरलेली एक लिटरची बाटली ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरात नाव आणि विषारी असल्याची खूण टाका. पिण्याच्या पाण्याची बाटली त्यासाठी वापरू नका. कूलंट दोन वर्षांनी, किंवा डब्यावर लिहिलेल्या मुदतीला बदला. आणि वॉल्ववाली गाडी असेल तर हीटर लागो न लागो, महिन्यातून एकदा सकाळी कळ पाच मिनिटं गरमवर नेऊन परत आणा. न हललेला वॉल्व वर्षभरात जाम होतो, आणि मग केबल ओढताना त्याची दांडी तुटते.